मार तिघींना, खुणा तीनशेंवर: १९९२ च्या एका डिशचं प्रकरण

प्रकरण तसं छोटंसंच, एका डिशमधलं. १९९२ साली बोस्टनमध्ये हार्वर्डच्या पब्लिक हेल्थ स्कूलमधल्या नागासावा आणि जॉन लिटल या दोघांनी चायनीज हॅमस्टरच्या अंडाशयातल्या पेशी घेतल्या (लॅबमध्ये वर्षानुवर्षं वाढवत आलेली ही लाइन, सीएचओ म्हणतात तिला), त्या जी१ टप्प्यात म्हणजे डीएनएची कॉपी काढायला सुरुवात व्हायच्या आधी असताना त्यांना प्लुटोनियम-२३८ या किरणोत्सर्गी धातूमधून निघणाऱ्या अल्फा कणांचा अगदीच बारीक डोस दिला, आणि पुढे गुणसूत्रांमध्ये काय फरक पडला ते मायक्रोस्कोपखाली बसून मोजलं. ज्या डोसला फरक दिसला त्यातला सगळ्यात कमी होता ०.३१ मिलिग्रे. तेवढ्या डोसला १ टक्क्याहून कमी पेशींच्या केंद्रकातून अल्फा कण गेलेला असतो. आणि फरक दिसला साधारण ३० टक्के पेशींमध्ये. म्हणजे मार न बसलेल्या शेजारणींमध्येही; या शेजारच्या परिणामाला बायस्टँडर इफेक्ट म्हणतात.

आता यात आश्चर्य काय ते कळायला हिशोब नीट बघावा लागतो, आणि मला विचाराल तर या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, पण बरेच लोक तो गाळून पेशी एकमेकींना पाठवतात त्या सिग्नल-बिग्नलवर थेट उडी मारतात. ग्रे म्हणजे एका किलो वस्तुमानात किती जूल ऊर्जा उतरली त्याचं माप. एक्स-रेच्या बाबतीत हे माप बऱ्यापैकी प्रामाणिक असतं, कारण नेहमीच्या डोसला प्रत्येक केंद्रकातून बरेच इलेक्ट्रॉन जातात आणि सगळ्यांना थोडंथोडं मिळतं. अल्फा कण तसा नाही. तो जड, हळू, आणि जिथून जातो तिथे दाटीवाटीने ऊर्जा सोडत जातो. प्लुटोनियमचा अल्फा पाण्यात जेमतेम ४० मायक्रोमीटर जाऊन थांबतो. एक कण एका केंद्रकातून आरपार गेला की त्या केंद्रकाला एकदम १०० मिलिग्रे किंवा त्याहून जास्त बसतो. यापेक्षा कमी द्यायची सोयच नाही, अर्धा अल्फा कण नसतो. मग डिशची सरासरी जर ०.३१ मिलिग्रे असेल तर त्याचा अर्थ असा की हजारातल्या तिघींना शंभरच्या आसपास किंवा वर आणि बाकीच्या ९९७ जणींना शून्य. सरासरी छापली ०.३१ पण डिशमधल्या एकाही पेशीला ०.३१ मिळालेलं नाही.

डोस आणखी कमी केला तरी ज्यांना कण लागला त्यांना तेवढाच लागणार, फक्त लागलेल्यांची संख्या कमी होणार. म्हणून पेशी जर एकेकट्या असतील, एकीचं दुसरीला काही देणंघेणं नसेल, तर परिणाम झालेल्या पेशींचा आकडा मार बसलेल्यांच्या आकड्यापेक्षा वर जाऊच शकत नाही. इथे तो तीसपट किंवा त्याहून जास्त वर गेला होता.

मोजलं काय होतं तेही सांगायला हवं. सिस्टर क्रोमॅटिड एक्स्चेंज, एससीई म्हणतात. पेशीने डीएनएची कॉपी काढली की गुणसूत्राच्या दोन जुळ्या काड्या होतात, आणि कॉपी काढताना वाटेत कुठे बिघाड आला तर या दोन काड्यांमध्ये तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. पेशी दोन चक्रं ब्रोमोडीऑक्सियुरिडिनमध्ये वाढवल्या आणि मग रंगवल्या की एक काडी गडद आणि एक फिकट दिसते, जिथे अदलाबदल झाली तिथे रंगाचे पट्टे उलटेपालटे. अशा थोड्याफार अदलाबदली काहीही न करता होतच असतात, त्यामुळे बघायची असते ती वाढ. आणि जी१ मधल्या पेशींना एक्स-रे देऊन ही संख्या दुप्पट करायला साधारण २ ग्रे लागले. २ ग्रे म्हणजे २,००० मिलिग्रे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कोणीही म्हणेल मोजण्यात काहीतरी घोळ आहे.

तर आधी घोळच शोधू.

पहिला संशय, कण केंद्रकातून गेला नाही पण पेशीच्या बाकीच्या भागातून, सायटोप्लाझममधून गेला असेल. जाऊ शकतो, आणि पुढे १९९९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या मायक्रोबीमवर (एकेका पेशीवर नेम धरून मोजके कण मारायचं यंत्र) नुसत्या सायटोप्लाझमवर अल्फा मारूनही म्युटेशन होतात हे दाखवलं गेलं. पण डिशमध्ये पसरलेल्या पेशीचं क्षेत्रफळ केंद्रकाच्या काही पटच असतं, त्यामुळे हे धरूनही आकडा १ चा २-३ टक्के होईल फार तर, ३० होत नाही. दुसरा संशय, अल्फा कणाने उडवलेले इलेक्ट्रॉन शेजारच्या पेशीत घुसले असतील. या ऊर्जेच्या अल्फाने उडवलेले इलेक्ट्रॉन एक मायक्रोमीटरसुद्धा जात नाहीत, शेजारीण तर कित्येक मायक्रोमीटर लांब. बाद. तिसरा संशय पेशींवर नसून त्या ज्या द्रवात वाढतात त्या मीडियमवर आहे, आणि हा संशय थोडा खराही निघाला. १९९७ मध्ये लॉस अलामॉसला लेनर्ट आणि गुडविन यांनी माणसाच्या फायब्रोब्लास्टवर (ऊतींना आधार देणाऱ्या पेशी) असाच प्रयोग केला तेव्हा सीरम (रक्तातला पेशी नसलेला द्रव) घातलेलं मीडियम एकट्याला अल्फा मारून मग पेशींवर ओतलं तरी एससीई वाढले, पण तो घटक थोड्या वेळात निकामी व्हायचा. मार खाल्लेल्या पेशींवरून उचललेल्या मीडियममध्ये मात्र वेगळा आणि जास्त टिकणारा घटक होता. म्हणजे पेशी स्वतः काहीतरी बाहेर सोडत होत्या.

शंका कायमची मिटवणारा पुरावा माझ्या मते २००० सालचा. कोलंबियाच्याच मायक्रोबीमवर टॉम हे यांच्या गटाने डिशमधल्या २० टक्के पेशी निवडून त्यांच्या प्रत्येकीच्या केंद्रकात मोजून २० अल्फा कण मारले. २० कण म्हणजे ती पेशी मेलीच, जगायचं प्रमाण १ टक्क्याच्याही खाली. उरलेल्या ८० टक्के पेशींना एकही कण नाही. मग या डिशमध्ये म्युटंट पेशी किती मिळाव्यात? मेलेल्या पेशींची वसाहत वाढत नाही त्यामुळे त्यांच्याकडून जवळजवळ काहीच नाही, आणि शेजारणींना काही झालेलंच नाही म्हणून तिथून फक्त नेहमीचं. प्रत्यक्षात तिप्पट मिळाल्या. इथे कण कोणाला लागेल याचा नशिबाचा हिशोब, पॉयसनची शक्यता-बिक्यता नाही, सरासरीची पळवाट नाही, कोणाला मारलं आणि कोणाला नाही हे प्रयोग करणाऱ्यांनीच ठरवलेलं होतं. म्युटेशन शेजारणींमध्येच झालं.

आता निरोप जातो कसा. दोन रस्ते सापडले आणि दोन्ही खरे आहेत, यावरून लोक उगाच भांडत बसले असं मला वाटतं. पहिला रस्ता चिकटून बसलेल्या पेशींमधल्या थेट वाटा, गॅप जंक्शन. कनेक्झिन नावाच्या प्रथिनांची नळी दोन पेशींच्या आवरणांमधून आरपार बसते आणि लहान रेणू व आयन तिच्यातून इकडचे तिकडे जातात. एडुआर्ड अझ्झाम, लिटल आणि सहकाऱ्यांनी १९९८ आणि २००१ मध्ये दाखवलं की दाट वाढलेल्या पेशींमध्ये पी५३ आणि पी२१ ही डीएनए बिघडल्यावर जागी होणारी प्रथिनं मार बसलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त पेशींमध्ये वाढतात, तीही कुठेही विखरून नाही तर पुंजक्यापुंजक्याने, आणि लिंडेन या रसायनाने ही दारं बंद केली किंवा कनेक्झिन-४३ नसलेल्या उंदराच्या पेशी वापरल्या की हा प्रकार ओसरतो. दुसरा रस्ता मीडियममधून. १९९७ मध्येच कारमेल मदरसिल आणि कॉलिन सेमूर यांनी गॅमा किरण दिलेल्या माणसाच्या त्वचेच्या एपिथेलियल (पृष्ठभागावर थर करणाऱ्या) पेशींवरचं मीडियम गाळून, पेशी एकही येणार नाही असं करून, कोऱ्या पेशींवर घातलं आणि त्यातल्या वसाहती करणाऱ्या पेशी कमी झाल्या. तेच फायब्रोब्लास्टचं मीडियम घेतलं तर काही झालं नाही. म्हणजे सगळ्याच पेशी ओरडत नाहीत. आणि इथे पेशी एकमेकींना चिकटलेल्या तर नव्हत्याच, एकाच डिशमध्येही नव्हत्या, त्यामुळे गॅप जंक्शनचा प्रश्नच येत नाही.

निरोप्यांची यादी बरीच लांब आहे. रिॲक्टिव्ह ऑक्सिजन, नायट्रिक ऑक्साइड, इंटरल्युकिन-६ आणि ८, टीएनएफ-अल्फा, टीजीएफ-बीटा अशी निरोप देणारी प्रथिनं, अगदी आरएनए भरलेल्या एक्झोसोमच्या पुड्यासुद्धा. २००५ मध्ये सायक्लोऑक्सिजनेज-२, म्हणजे कॉक्स-२ हे एन्झाइम, शेजारच्या पेशींमध्ये वाढतं आणि ते अडवलं की शेजारचा परिणाम घटतो हेसुद्धा टॉम हे यांच्याच गटाने दाखवलं. बघितलं तर यातलं काहीच फक्त रेडिएशनसाठी म्हणून बनलेलं नाही. सूज, जखम, इन्फेक्शन यात जे निरोप फिरतात तेच हे. यादी आणखी वाढवण्यात मला फारसा रस नाही, कारण पेशीचा प्रकार बदलला की यादीतला पहिला नंबर बदलतो.

त्यापेक्षा नुकसानाचा प्रकार बघा, तो जास्त बोलका आहे. अल्फा कण थेट गेला की डीएनएच्या दोन्ही धाग्यांचे तुकडे पडतात आणि म्युटेशन झालं तर बहुतेक वेळा जीनचा मोठा तुकडाच गायब असतो. २००१ मध्ये लिटल यांच्या लॅबने बारीक डोसला शेजारच्या पेशींमध्ये झालेली एचपीआरटी जीनची म्युटेशन तपासली तर त्यात बहुतेक पॉइंट म्युटेशन निघाली, एखादं अक्षर बदललेलं. म्हणजे शेजारणीला लहान डोस मिळाला असं नाहीच, तिला वेगळीच इजा झाली, ऑक्सिडेशनने बेस बिघडतात त्या जातीची. आणि एससीई हे माप नेमकं कॉपी काढताना वाटेत आडव्या येणाऱ्या बिघाडांना दाद देणारं. म्हणून माझं मत असं की १९९२ च्या डिशमध्ये ३० टक्के हा आकडा एवढा ठळक दिसला त्यात मोजण्यासाठी निवडलेल्या खुणेचाही हात होता. दुसरं काही मोजलं असतं, समजा तुटलेली गुणसूत्रं, तर कदाचित हे प्रकरण त्या दिवशी उभंच राहिलं नसतं. त्यात पुन्हा, ज्या पेशींमध्ये तुटलेले धागे जोडायची यंत्रणाच बिघडलेली आहे अशा शेजारणी ठेवल्या तर परिणाम जास्त जोरात दिसतो, म्हणजे निरोप सगळ्यांना सारखाच आला तरी भोगावं किती लागतं ते ऐकणारीच्या दुरुस्तीच्या ताकदीवर.

इथपर्यंत गोष्ट एकाच दिशेने चालली आहे, मार खाल्लेली पेशी ओरडते आणि शेजारीण भोगते. जवळजवळ वीस वर्षं बहुतेक पेपर याच दिशेने लिहिले गेले. उलट्या दिशेने काय जातं हा प्रश्न हाँगकाँगच्या सिटी युनिव्हर्सिटीतल्या के. एन. यू आणि चीनमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये सरळ विचारला. मांडणी साधी होती: अल्फा मारलेल्या पेशी एका बाजूला, कोऱ्या पेशी दुसऱ्या बाजूला, मध्ये मीडियम सामाईक, आणि तुलनेसाठी तशाच मारलेल्या पेशी पण शेजारणींशिवाय. २४ तासांनी मारलेल्या पेशींमध्ये ५३बीपी१ चे ठिपके मोजले, हे ठिपके म्हणजे अजून न जुळलेले डीएनएचे तुटके भाग. एकट्या ठेवलेल्यांमध्ये पेशीमागे सरासरी ०.९० ठिपके, शेजारणींसोबत ठेवलेल्यांमध्ये ०.७८. मायक्रोन्यूक्लियस (गुणसूत्रांचे मुख्य केंद्रकाबाहेर राहिलेले तुकडे) आणि पेशींचं मरण यांच्या आकड्यांमध्येही फरक पडला. याला त्यांनी रेस्क्यू इफेक्ट म्हटलं. फरक प्रचंड नाही हे उघड आहे, सात-आठातला एक ठिपका कमी झाला असं समजा. पण दिशा बघा, मदत उलटी गेली.

ही मदत येते कुठून यावर पुढे काम झालं आणि त्यातलं शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या गटाचं २०१४ चं काम मला सगळ्यात आवडतं कारण त्यात दोन्ही दिशा एकाच जोडीत दिसतात. अल्फा मारलेल्या मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशी) आणि न मारलेल्या यकृतपेशी एकत्र ठेवल्या. मॅक्रोफेजच्या निरोपाने यकृतपेशींचं नुकसान झालं, आणि त्याच वेळी यकृतपेशींकडून मॅक्रोफेजला सायक्लिक एएमपी या निरोप्या रेणूची रसद जाऊन त्यांचं नुकसान घटलं. म्हणजे एकीची जखम दुसरीने वाटून घेतली असं म्हणावं तर तसंही नाही, कारण दुसरीला झालेली जखम वेगळ्याच जातीची. हाँगकाँगच्या गटाने नंतर वाचवल्या जाणाऱ्या पेशींमध्ये एनएफ-कप्पा-बी हा पेशीतला निरोपाचा मार्ग जागा होतो असंही दाखवलं.

हे डोक्यात ठेवून १९९२ च्या आकड्यांकडे परत बघितलं की एक गोष्ट खटकते जी तेव्हा कोणाला खटकायचं कारणच नव्हतं. अल्फाच्या डिशमध्ये त्या हजारातल्या तिघी ९९७ धडधाकट शेजारणींच्या गराड्यात होत्या, आणि २ ग्रे एक्स-रेच्या डिशमध्ये मात्र एकही पेशी कोरी नव्हती, सगळ्याच जखमी, त्यामुळे वाचवायला कोणी उरलंच नव्हतं. म्हणजे आपण जी तुलना अल्फा विरुद्ध एक्स-रे म्हणून वाचतो ती खरं तर दोन वेगवेगळ्या वस्त्यांचीही तुलना आहे. किरणाचा प्रकार, पेशीमागे डोस, आणि कोऱ्या शेजारणी किती, या तीन गोष्टी एकदम बदललेल्या आहेत आणि त्या प्रयोगातून त्या वेगळ्या काढता येत नाहीत. नागासावा आणि लिटल यांचा निष्कर्ष याने पडत नाही, १ विरुद्ध ३० हा मुद्दा अल्फाच्या डिशमधल्या आकड्यांवरच उभा आहे. पण अल्फा एक्स-रेपेक्षा एससीईसाठी हजारो पट वाईट, असं कोणी यातून काढलं तर ते चूक.

विरोधी पुरावाही आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. २००८ मध्ये लॉरेन्स बर्कलीच्या लॅबमधून ग्रोसर, कूपर आणि रिडबर्ग यांनी दाट ऊर्जा सोडणाऱ्या किरणांनी हेच करून बघितलं, मीडियम बदलून आणि एकत्र वाढवून, आणि सुरुवातीच्या गुणसूत्री खुणांमध्ये शेजारचा परिणाम त्यांना दिसला नाही. मला यात कोणी खोटं पडलंय असं वाटत नाही. कोणत्या पेशी, किती दाट, सीरम किती, कधी मोजलं, काय मोजलं, यातलं एक जरी हललं तरी परिणाम येतो-जातो, आणि फायब्रोब्लास्ट एका प्रयोगात निरोप सोडतात पण दुसऱ्यात गप्प बसतात हे १९९७ लाच दिसलं होतं. पण म्हणूनच एका डिशवरून माणसाच्या धोक्याचे आकडे काढणारे लेख वाचताना हात आखडता घ्यावा.

डिशच्या बाहेर काय होतं? २००५ मध्ये माणसाच्या त्वचेसारख्या त्रिमितीय ऊतीवर एका बारीक रेषेत अल्फा मारले तेव्हा रेषेपासून १ मिलिमीटरपर्यंतच्या पेशींमध्ये परिणाम दिसले. मिलिमीटर कमी वाटेल, पण पेशींच्या हिशोबाने ते डझनावारी पेशी ओलांडून जाणं आहे. आणि २००८ चा रोममधल्या गटाचा उंदरांवरचा प्रयोग तर अंगावर येतो. पॅच्ड१ जीनची एक प्रत बिघडलेली नवजात पिल्लं, ज्यांना मेंदूतला मेड्युलोब्लास्टोमा नावाचा ट्यूमर मुळातच सहज होतो, त्यांचं डोकं शिशाने झाकून बाकी शरीराला एक्स-रे दिले. झाकलेल्या मेंदूतही ट्यूमर वाढले. शिशाच्या कडेने विखुरलेले किरण आत गेले असतील ही शंका त्यांनी तेवढाच डोस दुसऱ्या पिल्लांना सरळ देऊन तपासली, त्याने ट्यूमर वाढले नाहीत. आणि गॅप जंक्शन अडवणारं रसायन दिल्यावर झाकलेल्या लहान मेंदूतलं पेशींचं मरण कमी झालं.

मग रेडॉनचं, म्हणजे जमिनीतून निघून घरात साठणाऱ्या किरणोत्सर्गी वायूचं काय, हा प्रश्न येतोच, कारण घरातल्या हवेतून फुप्फुसात जाणारे अल्फा म्हणजे नेमकी हीच परिस्थिती: मोजक्या पेशींना कण, बाकी सगळ्या कोऱ्या. खाणकामगारांच्या मोठ्या डोसवरून घरातल्या लहान डोसकडे सरळ रेषा ओढून धोका काढतात, आणि शेजारचा परिणाम जर लहान डोसलाच पूर्ण भरून जात असेल तर ती रेषा धोका कमी दाखवेल अशी भीती २००१ च्या सुमारास मांडली गेली होती. पण २००५ मध्ये युरोपातले घरगुती रेडॉनचे १३ अभ्यास एकत्र केले तेव्हा हवेतल्या रेडॉनच्या दर १०० बेकरेल (किरणोत्सर्गाचं एकक) प्रति घनमीटरला फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका साधारण १६ टक्क्यांनी वाढतो असं आलं, रेषा जवळजवळ सरळच, मोठा उंचवटा नाही. माणसांवरून काढलेल्या आकड्यांमध्ये शेजारणींचं बरं-वाईट आधीच धरलं गेलेलं असतं, ते वेगळं मिळवायची गरज नाही.

खरी गुंतागुंत रेडिओथेरपीत आहे. २०११ च्याच पेपरमध्ये आणखी एक निरीक्षण आहे, कोऱ्या निरोगी पेशींनी अल्फा मारलेल्या कॅन्सरपेशींमधले मायक्रोन्यूक्लियससुद्धा कमी केले. ग्रिड थेरपीत ट्यूमरवर चाळणीसारखा डोस देतात, काही ठिकाणी १५-२० ग्रे आणि मध्ये फार कमी, तरी पूर्ण ट्यूमर आकसल्याची उदाहरणं आहेत. त्याचं श्रेय काही जण शेजारच्या परिणामाला देतात, काही रक्तवाहिन्यांना, काही इम्युनिटीला. पण कमी डोसच्या त्या पट्ट्यांमधल्या पेशी मार खाल्लेल्यांना वाचवतही असणार. आता समजा कॉक्स-२ किंवा एनएफ-कप्पा-बी अडवणारं औषध सोबत दिलं. ट्यूमरला निरोगी पेशींकडून मिळणारी रसद तुटली तर फायदा पेशंटचा, पण ट्यूमरमध्येच मार खाल्लेल्या पेशी न लागलेल्या पेशींना जे मारत होत्या तेही त्याच औषधाने थांबू शकतं, आणि बीमच्या कडेला थोडा डोस बसलेल्या निरोगी ऊतीलाही तिच्या शेजारणींची मदत मिळणार नाही. कोणत्या ट्यूमरमध्ये यातलं कोणतं पारडं जड ते त्याच ट्यूमरच्या पेशी त्याच्या भोवतालच्या पेशींसोबत ठेवून मोजावं लागतं, नुसत्या डोसच्या नकाशावरून ते वाचता येत नाही.